सुकाणूची बिजागरी आणि माझे तोकडे पडदे

आमच्या घरातले सगळे पडदे दोन बोटं तोकडे आहेत. लग्नानंतर मी पहिल्यांदा खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायला टाकले आणि ते आखूड आले, तेव्हा मी शिंप्याशी भांडले. पुढच्या वेळी शिंपी बदलला, तरी पडदे आखूडच आले. तिसऱ्या वेळी मी कोणाशीच भांडले नाही. टेबलावरची काच टेबलाला पुरत नाही, फडताळातली फळी भिंतीपर्यंत पोचत नाही. मुलीची उंची आमच्या दारावरच्या खुणांत एकशे पन्नास होती, तेव्हा शाळेच्या कार्डावर एकशे बावन्न होती. शाळेत बूट न काढता मोजतात, असं मी चारचौघांत सांगत असे.

गंमत अशी की मी पोटापाण्यासाठी मोजण्याचंच काम करते. औषधाच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मलमं आणि पुड्या तयार करते, आणि तिथे एकोणीस वर्षांत माझी मिलिग्रॅमची चूक झालेली नाही. घरी आल्यावर माझ्या हाताला काय होतं, हे कोडं कोणालाच सुटत नव्हतं. एकदा मी म्हटलं, खिडकीच वाकडी बसवली असेल. नवरा म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." नवऱ्याला घरात सगळे 'साधारण' म्हणतात, कारण त्याला कुठलंही माप विचारलं तरी उत्तर त्याच शब्दाने सुरू होतं. त्याच्याकडून हे ऐकून घ्यावं लागलं, याचा मला जास्त राग आला.

पट्टीला दोष द्यायचं तर माझ्या मनातही आलं नाही. ती माझ्या वडिलांची होती. साठ सेंटिमीटरची, जाड पोलादी, एका टोकाला लाल रंग लावलेली. वडील ओतकामाच्या कारखान्यात सुतार होते, एवढंच मला माहीत. धातूच्या कारखान्यात सुताराचं काय काम, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर भावाने त्यांचं घड्याळ घेतलं आणि मी पट्टी घेतली. टोकाचा लाल रंग मधूनमधून उडायचा, तेव्हा मी त्यावर नेलपॉलिशचा हात फिरवायचे. वडिलांची खूण पुसली जाऊ नये, एवढाच हेतू.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, "जन्मभर लोकांना वरखाली नेलं, आता मला जरा आडवं जायचंय." आडवं जायला त्यांच्याकडे शिडाची एक लाकडी होडी होती. ती नवऱ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि त्याच्यापेक्षा जास्त लाडकी. तिला आम्ही म्हातारी म्हणतो. दर रविवारी सकाळी अण्णा म्हातारीला घेऊन बंदराबाहेर जायचे आणि दुपारी जेवायला परत यायचे. सासूबाई गेल्यापासून तर उरलेले सहा दिवस ते नुसते काढत असत. सोमवारी मंगळवारी गप्प, गुरुवारपासून खिडकीतून वारा बघायला लागायचे आणि शनिवारी आपणहून चहा करायचे.

धक्क्यावर दरवर्षी होड्यांची तपासणी होते. या वर्षी तपासनिसाने म्हातारीचं सुकाणू धरून हलवलं, तर ते खुळखुळलं. सुकाणू होडीच्या मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर लटकलेलं असतं, दाराच्या फळीसारखंच. वरची बिजागरी लहान, ती ठणठणीत होती. खालची मोठी, तिला दोन्ही बाजूंनी सुकाणूला कवटाळणारे दोन हात असतात. त्यातला एक हात तपासनिसाच्या हातात आला आणि निसटून पाण्यात पडला. उरलेला भाग अण्णांनी बोटांनी दाबला, तर तो शिळ्या बिस्किटासारखा कुसकरला. खाऱ्या पाण्याने धातू आतून खाऊन टाकला होता.

तपासनिसाने म्हातारीच्या कठड्याला लाल चिठ्ठी बांधली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो परत येणार होता. तोवर सुकाणू धड झालं नाही, तर धक्क्यावरची जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार. रांगेत सत्तेचाळीस माणसं होती. आणि जागा गेली की म्हातारीला ठेवणार कुठे? लाकडी होडी उन्हात कोरडी पडली की तिच्या फटी उघडतात, मग ती जळणाच्या भावाने जाते. गुरुवार आला तरी अण्णांनी खिडकीतून वारा बघितला नाही, तेव्हा आम्ही काय ते समजलो.

म्हातारी धक्क्याशेजारच्या आवारात लाकडी घोड्यांवर चढवली गेली आणि आमची शोधाशोध सुरू झाली. होडी बनवणारा कारखाना बावीस वर्षांपूर्वीच बंद पडला होता. होड्यांच्या सामानाच्या दुकानांत नव्या बिजागऱ्या होत्या, पण त्या नव्या होड्यांच्या. भंगारवाल्यांकडे सगळं होतं, फक्त आम्हाला हवं ते नव्हतं. एका माणसाकडे म्हातारीची अगदी सख्खी बहीण सापडली, मोडून पडलेली. आम्ही दोन तास गाडी चालवत गेलो. त्याने ती बिजागरी आपल्या बागेच्या फाटकाला लावली होती, आणि फाटकात बसावी म्हणून तिचे दोन्ही हात निम्मे कापले होते. फाटक मात्र सुंदर उघडत होतं. अण्णांनी ते दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि गाडीत येऊन बसले.

नऊ दिवस असे गेल्यावर एका नळदुरुस्तीवाल्याने ओतारीकाकांचा पत्ता दिला. शहराच्या कडेला पत्र्याची एक लांबट शेड, जमिनीवर काळी वाळू, भिंतीवर लाकडी नमुने टांगलेले. पंपांचे पंखे, नळांच्या चाव्या, दारांच्या मुठी. काका सत्तरीचे, भुवया जळून अर्ध्या राहिलेल्या. ते आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी, भट्टी पेटवत.

"करून देतो," ते म्हणाले. "पण नमुना कशावरून करू? जुना तुकडा आणा."

"एक हात पाण्यात आहे, दुसऱ्याचा भुगा झालाय," नवरा म्हणाला आणि उरलेले बोल्ट काकांपुढे ठेवले.

"मग सुकाणूच्या लाकडावरून मापं घ्या. भोकं कुठे कुठे आहेत ते मिलिमीटरमध्ये हवं. तुमच्या बोल्टांच्या मानेला चौकोन आहे, म्हणजे भोकं चौकोनी. ती मी ओततानाच पाडणार. नंतर ड्रिल मारून सरकवता येणार नाहीत, तेव्हा जपून."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मी घेतो माप. साधारण..." आणि स्वतःच थांबला. अण्णांचे हात हल्ली थरथरतात, पट्टी धरली तर रेघा नाचतात. मी मान खाली घालून भाजी निवडत होते. पडद्यांची बाई या कामात पडणार नाही, हे उघडच होतं.

अण्णा म्हणाले, "सूनबाई घेईल माप."

कोणी हसलं नाही. नवऱ्याने खिडकीकडे, म्हणजे पडद्याकडे, एकदा बघितलं आणि नजर वळवली. मला इतकं बरं वाटलं आणि इतकी भीती वाटली की मी ती निवडलेली भाजी परत न निवडलेल्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी दुकानातून रजा घेतली. आवारात म्हातारीखाली गोणपाट अंथरून बसले आणि वडिलांची पट्टी सुकाणूला लावली. डोळ्यांत तेल घालून मापं घेतली. बिजागरी जिच्यावर फिरते त्या खिळीच्या मध्यापासून पहिलं भोक साठ, दुसरं एकशे पन्नास, तिसरं दोनशे साठ. दोन्ही बाजूंनी, तीन तीन वेळा. तिन्ही वेळा तेच आकडे आले. मी ते कागदावर चित्र काढून लिहिले. अण्णा शेजारी उभे राहून बघत होते. आकडे असे शून्यावर संपणारे निघाल्यामुळे मला वाटलं, जुन्या लोकांनी ठरवूनच केलेलं दिसतंय.

निघताना मी पाणी प्यायला नळावर गेले. परत येऊन बघते तर अण्णा भिंग डोळ्याला लावून, माझीच पट्टी सुकाणूला टेकवून, ओठांतल्या ओठांत आकडे वाचत होते. मला बघून त्यांनी भिंग खिशात टाकलं. विश्वास टाकायचा आणि मागून तपासायचं, हे मला लागलं, खोटं कशाला सांगू. मग मनाला समजावलं की म्हातारी त्यांची आहे, जीव त्यांचा टांगलाय, त्यांनी बघितलं तर बघितलं.

पुढच्या शुक्रवारी ओतून, घासून, मंगळवारी बिजागरी हातात आली. सोन्यासारखी चमकत होती. नवऱ्याने ती दोन्ही हातांनी धरून आवारात आणली. सुकाणूवर चढताना ती जरा आवळ वाटली, जोर लावून बसवली. पहिल्या भोकातून बोल्ट घातला, ठोकून गेला. दुसऱ्यातला निम्म्यात अडकला. तिसऱ्या भोकातून बघितलं तर पलीकडचा उजेड दिसायच्या ऐवजी लाकूड दिसत होतं. लाकडातलं भोक पुढे होतं, धातूतलं मागे. फरक चार मिलिमीटरचा. दुसऱ्या बाजूलाही तेवढाच.

बिजागरी तोकडी आली होती.

नवरा काहीच बोलला नाही. त्याला ओळखणाऱ्याला कळेल की त्याने त्या क्षणी केवढं मोठं काम केलं. मी मात्र तिथेच गोणपाटावर बसले. आपण पडदे तोकडे केले, काच तोकडी केली आणि आता या माणसाचे रविवार तोकडे केले, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"भोकं जरा घासून लांबट करू," नवरा अण्णांना म्हणाला. "चारच मिलिमीटर आहेत."

"लांबट भोकात बोल्ट खेळतो," अण्णा म्हणाले. "बोल्ट खेळला की सुकाणू खेळतं. तपासनीस पुन्हा हलवणारच."

"मग लाकडाला नवी भोकं?"

"जुन्याला लागून? फाटेल लाकूड." मग ते माझ्याकडे वळले. "राहू दे पोरी. मापात चूक व्हायचीच. वय झालं की सोडून द्यावं लागतं एकेक."

मला वाटलं ते म्हातारीच्या वयाबद्दल बोलतायत. त्यांनी मला रागावलं असतं तर बरं झालं असतं. सोमवारला सहा दिवस उरले होते आणि त्यात एकच शुक्रवार होता.

रात्रभर विचार केला. सकाळी पट्टी, कागद आणि बिजागरी पिशवीत घातली आणि एकटीच ओतारीकाकांकडे गेले. एक तर त्यांच्या ओतकामात चूक होती, नाहीतर माझ्या डोळ्यांत. डोळ्यांत असेल तर दुकानातलं कामही सोडावं लागेल, तिथे तोकडं चालत नाही.

काकांनी कागद पुढे ठेवला, आपली पट्टी काढली आणि बिजागरी मोजली. "साठ. एकशे पन्नास. दोनशे साठ. ताई, कागदावर आहे तेच मी दिलंय."

"मग मी चुकले."

"कशानं मोजलं होतं?"

मी पिशवीतून पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, आणि त्यांचा चेहरा बदलला. आधी त्यांनी तिचं वजन हातावर तोललं. मग लाल टोकाकडे बघितलं. मग अंगठ्याच्या नखाने नेलपॉलिश खरवडायला लागले.

"अहो काका, ती वडिलांची खूण आहे."

"खूण आहेच," ते म्हणाले आणि खरवडतच राहिले. नेलपॉलिशच्या सात-आठ थरांखालून पोलादात ठोकलेली बारीक अक्षरं वर आली. दीड टक्का. काकांनी आपली मघाची साधी पट्टी घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळवला. दहाला जरासा फरक दिसला. तीसला स्पष्ट दिसला. माझ्या पट्टीचा साठ त्यांच्या साठच्या चांगला नऊ मिलिमीटर पुढे गेला होता.

"तुमचे वडील पॅटर्नमेकर, म्हणजे लाकडी नमुने करणारे, होते का?"

"सुतार होते. ओतकामाच्या कारखान्यात."

"म्हणजे तेच." काका हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बसा ताई. धातू तापलेला असतो तेव्हा फुगलेला असतो. साच्यात ओतला आणि थंड झाला की आकसतो. म्हणून वाळूत साचा उमटवणारा लाकडाचा नमुना आधीच थोडा मोठा करायचा. आता दर मापाला कोण गणित करत बसणार? म्हणून आम्ही पट्टीच मोठी करून घेतो. हिचा प्रत्येक सेंटिमीटर दीड टक्क्यानं मोठा आहे. कॉन्ट्रॅक्शन स्केल म्हणतात हिला. आणि हे लाल टोक कशासाठी, माहितीये? हिला साध्या पट्ट्यांत मिसळू नका, म्हणून. दर कारखान्याचा रंग वेगळा. माझीचं पिवळं आहे, बघा."

त्यांनी लाकडी पेटीतून आपली पिवळ्या टोकाची पट्टी काढून दाखवली. मी ती बघितली, माझी बघितली. वडिलांनी जी खूण 'सावध' म्हणून केली होती, ती मी चौदा वर्षं मायेने रंगवत होते आणि खालचं लिहिलेलं झाकत होते.

"म्हणजे या पट्टीनं मोठी वस्तू मोजली की..."

"आकडा कमीच येणार. दोनशे चौसष्ट असेल ते दोनशे साठ दिसणार. खिडकी मोजाल तर..."

"पडदा दोन बोटं तोकडा," मी म्हटलं.

आणि मग मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि काकांना काय करावं ते कळेना म्हणून त्यांनी मला पाणी आणून दिलं. पडदे, काच, फळी, मुलीची उंची. माझ्या हाताला काही झालं नव्हतं. माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. वडिलांची पट्टीही चुकत नव्हती, ती फक्त तापलेल्या धातूसाठी बनवलेली होती. या वेळी अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि ते मीच माहेरून उचलून आणलं होतं. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो असा पडतो हे मला तेव्हा कळलं.

"पण काका, आता सोमवारपर्यंत?"

"शुक्रवार आहे ना मध्ये. नमुना फेकायला नको. हात कापून मध्ये लाकडाचे तुकडे घालू, रुंदीलाही थोडं वाढवू. ही तोकडी परत मुशीत जाईल, वर दोन नळाच्या चाव्या टाकू." त्यांनी नमुना उतरवला, करवतीने त्याचे हात कापले, फळीवर मांडले आणि लाल टोकाची पट्टी माझ्यापुढे धरली. "आता खुणा तुम्ही करा. खरं माप दोनशे चौसष्ट. हिच्यावरचे दोनशे चौसष्ट घ्यायचे."

"मी?"

"पट्टी तुमची आहे. आणि इथे ती बरोबर जागेवर आहे."

मी पट्टी लाकडावर ठेवली. एकसष्ट, एकशे बावन्न, दोनशे चौसष्ट. पेन्सिलीला टोक काढून घेतलं होतं. वडील असंच वाकून उभे राहत असतील, असं वाटलं आणि पाठ थोडी जास्त वाकवली.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. नवऱ्याने दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघितल्या (साधी पट्टी मी येताना विकत घेतली होती), मग उठून मुलीच्या उंचीच्या खुणा मोजून आला. "शाळेत बूट काढतात म्हणजे," एवढंच म्हणाला. अण्णा मात्र हसले नाहीत. ते पट्टी हातात घेऊन बसून राहिले.

"पण पट्टीवर आकडा दोनशे साठच दिसत होता ना?" त्यांनी विचारलं.

"हो अण्णा."

"म्हणजे कोणीही वाचलं असतं तरी दोनशे साठच वाचलं असतं."

"कोणीही."

"धडधाकट माणसानंसुद्धा."

"डोळ्यांच्या डॉक्टरनंसुद्धा," मी म्हटलं. मला वाटलं ते माझी समजूत घालतायत. त्यांनी पट्टी परत दिली आणि त्या दिवशी दोनदा भात वाढून घेतला.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघंही शेडमध्ये गेलो. काकांनी पहिली बिजागरी आमच्यादेखत मुशीत टाकली. ती वितळताना बघून मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. शनिवारी नवी बिजागरी घेऊन काका स्वतःच आवारात आले. नवऱ्याने ती सुकाणूवर सरकवली. कुठे घासायला लागलं नाही, ठोकायला लागलं नाही. अण्णांनी तिसऱ्या भोकातून बघितलं. मग बाजूला झाले आणि मला बघायला सांगितलं. भोकातून पलीकडे आवाराची भिंत दिसत होती आणि तिच्यावर टेकवलेली कोणाची तरी सायकल. तिन्ही बोल्ट अंगठ्याने ढकलले तसे गेले.

सोमवारी तपासनीस आला. त्याने सुकाणू दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावून हलवलं. पुन्हा एकदा, पाय रोवून हलवलं. काहीच हललं नाही, फक्त घोड्यांवर अख्खी म्हातारी किंचित करकरली. "कुठे मिळाली?" त्याने विचारलं.

"घरीच केली म्हणा," अण्णा म्हणाले.

तपासनिसाने लाल चिठ्ठी सोडवली, वहीत सही केली आणि पुढच्या होडीकडे गेला. नवरा क्रेनवाल्याला बोलवायला धावला. मी आणि अण्णा म्हातारीपाशी उरलो. अण्णांनी खिळीला वंगण लावलं आणि जास्तीचं पुसायला इकडेतिकडे चिंधी शोधली. चिंधी नव्हती. तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, त्याने खिळी पुसली, मग स्वतःची बोटं एकेक करून पुसली आणि बोळा डब्यात टाकायला माझ्या हातात दिला.

कागदावर अण्णांचं थरथरतं अक्षर होतं, म्हणून मी बघितलं. वंगणाने निम्मं काळं झालं होतं. धक्क्याच्या कार्यालयाला लिहिलेलं पत्र होतं. 'वयोमानानुसार माझी नजर व भान भरवशाचे राहिलेले नाही. भिंग लावूनही साधे माप मला वाचता आले नाही. अशा माणसाने होडी पाण्यात नेणे स्वतःला व इतरांना धोक्याचे आहे, तरी माझी जागा मी स्वखुशीने सोडत...' खाली तारीख होती. बिजागरी तोकडी आली त्या मंगळवारची.

मी वर बघितलं. अण्णा सुकाणूचा दांडा धरून इकडून तिकडे फिरवत होते. तो सुंदर फिरत होता.

"तुम्ही मला तपासत होतात असं वाटलं मला, अण्णा. त्या दिवशी, भिंग लावून."

"तुला कशाला तपासू? तू औषधं मोजतेस." त्यांनी दांडा मध्यावर आणून सोडला. "मी म्हटलं, आपल्याला अजून दिसतंय का ते बघावं. तुझ्यासारखंच आलं तेव्हा बरं वाटलं होतं. मग बिजागरी बसेना. तुझं चुकणार नाही हे ठाऊक होतं. आणि चुकून चुकलंच असेल, तर भिंग लावूनही मला ते दिसलं नव्हतं, मी नुसती तुझ्या आकड्याला मान डोलावली होती."

"आणि पडदे? ते चौदा वर्षं तोकडे होते ना? माझं चुकणार नाही, असं कसं वाटलं तुम्हाला?"

"पडद्यांचं मला वाटायचं, तुला उजेड आवडतो."

मी तो कागद डब्यात टाकला नाही. त्याचे चार तुकडे केले, तुकड्यांचे आणखी चार केले आणि मग टाकले. तोवर क्रेनचा पट्टा म्हातारीच्या पोटाखालून घेतला होता आणि नवरा हात वर करून क्रेनवाल्याला ओरडून सांगत होता, साधारण एवढं, साधारण अजून थोडं. सोमवार होता, तरी अण्णा मान वर करून वारा बघत होते.